रुस्तुमचा हात

रुस्तुमची आणि माझी ओळख त्याच्या हाताने झाली. जालन्याच्या एमआयडीसीत सळया लाटणाऱ्या एका कारखान्यात मी वायरमन म्हणून नुकताच लागलो होतो. पहिलाच दिवस. एका मोटारीचा आवाज वेगळा येत होता, म्हणून कान देऊन ऐकत ऐकत मी नेमका तापलेली सळई बाहेर येते त्या लाइनीच्या तोंडासमोर जाऊन उभा राहिलो. मागून कोणीतरी माझी कॉलर धरली, गाठोडं फेकावं तसं मला मागे फेकलं, आणि मी सावरून बसतोय तोच मानेवर एक फटका बसला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. वर पाहिलं, तर कमरेला ओलं गोणपाट गुंडाळलेला, हाडापेराने मोठा असा एक माणूस लांब सांडशी खांद्यावर टाकून आपल्या जागेकडे निघालाही होता.

जेवणाच्या सुट्टीत मी त्याला गाठलं. सळई सुटली नव्हती, कोणाला काही झालं नव्हतं, मग मारलं कशाला, असं विचारलं. तो उभ्यानेच भाकरी खात होता. पुढच्या नऊ वर्षांत मी त्याला कारखान्यात बसून खाताना पाहिलं नाही. घास गिळून तो म्हणाला, "सुटल्यावर सांगायला आलो असतो, तर ऐकायला तू राह्यला असतास का, वायरमन?"

माझं नाव त्याने तेव्हाही विचारलं नाही आणि नंतरही कधी घेतलं नाही. मी त्याच्यासाठी शेवटपर्यंत वायरमनच राहिलो.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांना थोडं सांगायला हवं. भट्टीतून लालभडक लोखंड निघतं आणि फिरत्या रुळांमधून दाबत दाबत त्याची सळई होते. रुळांच्या पलीकडे सांडशी घेतलेला माणूस उभा असतो. सळईचं तोंड बाहेर आलं की त्याने ते पकडायचं, फिरवायचं आणि दुसऱ्या फटीत घालायचं. एक क्षण चुकला की सळई सुटते आणि जमिनीवरून सापासारखी उसळत धावते. एकाच्या पोटरीतून ती आरपार गेलेली मी पाहिली आहे. रक्त आलं नाही. जखम तिथल्या तिथे भाजून बंद झाली होती. रुस्तुम त्या जागेवर एकोणीस वर्षं उभा होता. त्याच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं भाजून एकमेकांना चिकटली होती, त्यामुळे त्याची मूठ वळली की ती हातोड्याच्या डोक्यासारखी दिसे.

"आधी हात, मंग बात," हे त्याचं बोलणं. लोक हसण्यावारी नेत, पण तो ते विनोदाने म्हणत नसे. त्याला रागावताना पाहिलेलं कोणी नव्हतं. राग येतोय असं दिसायला जो वेळ लागतो, तेवढ्या वेळात त्याचा हात जाऊन परत आलेला असे.

मजूर पुरवणारा एक मुकादम होता. बिहारकडचा एक कामगार उशिरा जेवायला बसला म्हणून त्याने त्याच्या डब्याला लाथ मारली. भात सगळा लोखंडाच्या काळ्या भुकटीत सांडला. रुस्तुमने सांडशी भिंतीला टेकवून ठेवली, सावकाश चालत गेला, मुकादमाची मान धरली आणि गरम सळया थंड करायच्या हौदात त्याचं डोकं दाबलं. एकदा वर काढलं. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं ते वर काढेचना. मुकादमाचे पाय फरशीवर आपटत होते, ते हळूहळू मंदावले. क्रेन चालवणारे गफूरभाई शिडीवरून उड्या मारत खाली आले. त्यांनी, मी आणि आणखी एकाने रुस्तुमची बोटं एकेक करून सोडवली. मुकादम काळानिळा पडला होता. पाणी ओकून तो भिंतीला टेकून थरथरत बसला.

मग रुस्तुम त्या भात सांडलेल्या कामगाराकडे वळला. आम्हाला वाटलं, त्याच्या पाठीवर हात ठेवणार. त्याने त्याच्या अशी थोबाडीत दिली की त्याचा ओठ फाटला. "भूक तुझी व्हती," तो म्हणाला. "उठायला तू पायजे व्हतास."

रुस्तुमला पंधरा दिवस घरी बसवलं. आम्ही चहाच्या टपरीवर त्याचं कौतुक करत होतो. तो बिहारचा माणूस मात्र त्याच आठवड्यात काम सोडून गेला. जाताना मला म्हणाला, मुकादमामुळे नाही, रुस्तुममुळे जातोय. तेव्हा मला त्याचं बोलणं कृतघ्नपणाचं वाटलं होतं.

रुस्तुम केदारखेड्याचा. त्याच्या बापजाद्यांनी मेंढरं वळली. अजिंठ्याच्या डोंगराकडे पावसाळ्यात कळप नेणारं हे घराणं. रुस्तुमही अकरा-बारा वर्षांचा होईपर्यंत त्या डोंगरात हिंडला होता. पुढे कळप कमी झाला, रुस्तुम कारखान्यात आला, आणि उरलेली वीस-बावीस मेंढरं धाकटा भाऊ भानुदास सांभाळू लागला. एकदा रुस्तुम पाळीवर असताना भानुदासने न विचारता ती सगळी विकून टाकली. रुस्तुमने घरी जाऊन काठीने त्याचं मनगट मोडलं. हाड नीट बसलं नाही. भानुदासला आजही त्या हाताने पाण्याचा तांब्या उचलता येत नाही. भाऊ वेगळा झाला, बोलणं तुटलं. ही हकिगत मला रुस्तुमनेच सांगितली, तीही न विचारता. "त्याची चूक चार आन्याची व्हती, वायरमन. मी रुपयाचा मारला." एवढं बोलून तो सांडशीच्या टोकाला लागलेला पोपडा खरवडत बसला.

एकदा त्याच्या घरी जेवायला गेलो होतो. तो बाहेर हात धूत असताना वहिनी, सुमनबाई, हळू आवाजात म्हणाल्या, त्याने त्यांच्यावर किंवा लेकींवर कधी हात उचलला नाही. मग म्हणाल्या, "पन घरात भांडं पडलं ना, तरी आमी समद्या गप व्हतो."

डोंगरात जायची कल्पना कैलासची. कैलास आमचा फिटर, बदनापूरकडचा, तिशीचा, बोलका, सगळ्यांना नावं ठेवणारा आणि सगळ्यांचा लाडका. मोबाईलवर लोकांचे पावसातल्या भटकंतीचे व्हिडिओ पाहून त्याला आपणही जावं असं वाटू लागलं होतं. भाद्रपदात भट्टी दुरुस्तीला निघाली आणि कारखाना चार दिवस बंद राहणार असं कळलं. कैलासने पाठीवरच्या मोठ्या पिशव्या आणि एक तंबू कुठूनतरी मिळवला. गफूरभाई तयार झाले, मीही झालो. सह्याद्रीत लांब जाण्यापेक्षा आपल्याच भोकरदनच्या वरच्या अंगाला, अजिंठ्याच्या रांगेत दोन दिवस पायी हिंडायचं ठरलं. वाट माहीत असलेला माणूस एकच होता.

रुस्तुमला विचारलं तेव्हा तो आधी हसला. हौसेने ओझं वाहणारी माणसं त्याने पहिल्यांदाच बघितली, असं म्हणाला. मग गंभीर झाला. "पावसाचे जाऊ नका त्या अंगाला. झाडी वाढती, दहा पावलांवरचं दिसत न्हाई. आस्वलं हाईत." कैलास म्हणाला, मग तर जायलाच पाहिजे. रुस्तुमने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, आपणही बरोबर येतो, नाहीतर तुमची मढी हुडकायला यावं लागेल.

दोन मोटारसायकलींवर आम्ही निघालो, केदारखेड्याहून रुस्तुमला घेतलं. त्याच्या खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि बोचक्याला एक छोटी कुऱ्हाड बांधलेली. आमच्या रंगीत पिशव्यांमध्ये तो आमच्या आजोबांच्या काळातला वाटत होता. शेवटच्या खेड्यात त्याच्या ओळखीच्या घरी गाड्या लावल्या आणि चालायला लागलो. तासाभरातच पाऊस सुरू झाला.

तो पाऊस आमच्या जालन्याचा नव्हता. आमच्याकडे पाऊस पडतो आणि जातो. तिथे तो अंगावर धावून येत होता. वारा दरीतून वर येई आणि पाणी खालून तोंडावर मारे. वाटेचा ओढा झाला, ओढ्यांचे धबधबे झाले. सागाच्या पानांवर पाण्याचा असा आवाज होता की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे. आमच्या डोळ्यांदेखत एका वळणावर दरड सुटली आणि बैलगाडीएवढा दगड झाडं मोडत खाली गेला. गफूरभाईंनी अल्लाचं नाव घेतलं. रुस्तुम मात्र त्या दिवशी मी कधी न पाहिलेला वेगळाच माणूस होता. तो पुढे चालायचा, थांबायचा, नाक वर करून हुंगायचा. माझा पाय घसरला तेव्हा त्याने मला उभं केलं आणि माझ्या बुटांना दोरी बांधून दिली. वर पोचल्यावर त्याने खालच्या धुक्यात बोट दाखवलं आणि आपल्या गावची पूर्णा इकडूनच निघते म्हणाला. आम्ही एका मोठ्या कपारीत तंबू ठोकला. तो रात्रभर कपारीच्या तोंडाशी घोंगडीत बसून राहिला.

सकाळी पाऊस तसाच होता. काटक्या ओल्या, चूल पेटेना, सगळे गारठलेले. कैलासने वेळ जावा म्हणून छोटा स्पीकर काढला आणि मोठ्याने गाणी लावली. रुस्तुम म्हणाला, बंद कर, काय येतं-जातं ते ऐकू आलं पाहिजे. कैलासने आवाज थोडा कमी केला. रुस्तुमने पुन्हा सांगितलं नाही. तो उठला, स्पीकर उचलला आणि दगडावर आपटला. त्याचे तुकडे आमच्या पायांशी आले.

कैलासही तापट होता, पण तो तोंडाचा तापट. उभा राहून तो म्हणाला, "तू काय आमचा मालक हायेस का? सख्ख्या भावाचा हात मोडून त्याला पांगळा केला. लोकांला शिकवून राह्यला मोठा."

पुढचं सांगताना मला आजही बरं वाटत नाही. रुस्तुमचा पहिला ठोसा त्याच्या गालावर बसला आणि दात तुटल्याचा आवाज मी ऐकला. कैलास कपारीच्या भिंतीवर आदळला. दुसरा बरगडीत. तो खाली पडल्यावरही रुस्तुम थांबला नाही. एका गुडघ्यावर बसून, शांतपणे, खिळा ठोकावा तसा तो मारत होता. कैलासने दोन्ही हात तोंडावर घेतले होते आणि त्या हातांवर ते ठोसे पडत होते. गफूरभाई पाठीमागून त्याच्या गळ्यात पडले. मी त्याचा दंड धरला. कारखान्यात बोटं सोडवली होती तसंच पुन्हा, फक्त या वेळी खाली आमचाच माणूस होता. रुस्तुमचे डोळे माझ्याकडे वळले आणि त्याने मला ओळखलं नाही.

मग तो एकदम सैल झाला. उठून पावसात जाऊन उभा राहिला.

कैलासने तोंडातलं रक्त थुंकलं, त्यातला दात पाहिला, पिशवी पाठीवर घेतली, रेनकोटची टोपी डोक्यावर ओढली आणि निघाला. गफूरभाईंनी अडवलं, एकटा जाऊ नको म्हणाले. त्याने त्यांचा हात झटकला. मी त्याच्या मागे गेलो नाही, रुस्तुमची समजूत घालायला थांबलो असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला पावसात उतरायचं नव्हतं. रुस्तुम कैलासच्या पाठीकडे पाहत होता.

वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील. खालून ओरडणं आलं. पहिल्यांदा मला ते माणसाचं वाटलंच नाही. रुस्तुमने बोचक्याला बांधलेली कुऱ्हाड ओढली आणि तो उतारावरून निघाला. तो धावत नव्हता, घसरत आणि पडत चालला होता. आम्ही मागे.

कैलास टोपी ओढून, मान खाली घालून चालला असणार. पावसाच्या आवाजात त्यालाही त्या अस्वलाच्या मादीची चाहूल लागली नाही आणि तिलाही त्याची. आम्ही पोचलो तेव्हा तो वाटेवर पालथा पडला होता आणि अस्वल त्याच्यावर होतं. काळं, ओल्या केसांचं, माणसापेक्षा मोठं. पाठीवरच्या पिशवीने त्याला वाचवलं होतं. ती फाटून आतले कपडे चिखलात लोळत होते. पण डोक्याची कातडी मागून सोलल्यासारखी सुटली होती. अस्वलाच्या खांद्यांच्या मध्ये केसांत काहीतरी हललं. मला ते तेव्हा कळलं नाही.

रुस्तुमने खांद्यावरची घोंगडी डाव्या हाताला गुंडाळली आणि सरळ तिच्या अंगावर गेला. ती दोन पायांवर उभी राहिली. छातीवरचा पांढरा पट्टा मला स्पष्ट दिसला. रुस्तुमने गुंडाळलेला हात तिच्या तोंडात दिला आणि उजव्या हाताने कुऱ्हाडीचा दांडा तिच्या गळ्याशी रेटला. तिचा पंजा त्याच्या चेहऱ्यावर एकदाच फिरला. एकदाच. त्याचा गाल उघडा पडला आणि डावा डोळा होता तिथे काही उरलं नाही. तो पडला नाही. घशातून एक आवाज काढत तो तिला पावलापावलाने मागे ढकलत राहिला. गफूरभाई दगड मारत होते, रडत होते आणि शिव्या देत होते. मी सागाच्या एका खोडामागे उभा होतो. हातात दगड होता, तो मी फेकला नाही. फेकलास का, असं मला नंतर कोणी विचारलं नाही, म्हणून इथे सांगतो.

किती वेळ गेला ठाऊक नाही. तिने तोंड सोडवलं, खाली चार पायांवर आली आणि झाडीत शिरली. तेव्हा मी पाहिलं. तिच्या पाठीवर केसांना धरून एक पिल्लू बसलं होतं.

रुस्तुम उभाच होता. खालचा जबडा एका बाजूला लोंबत होता. मी गमजाने त्याचा चेहरा बांधला, गमजा दोन मिनिटांत लाल झाला. कैलासच्या डोक्याला तंबूचं कापड बांधलं. कोणाला उचलून न्यायचा प्रश्नच नव्हता, वाट तेवढी रुंद नव्हती. दोघंही स्वतःच्या पायांनी चालले. खालचा ओढा आल्या वेळी गुडघाभर होता, तो आता छातीपर्यंत फुगून झाडांचे ओंडके आणत होता. आम्ही हात धरून साखळी केली. पुढे गफूरभाई, मग कैलास, मग मी, शेवटी रुस्तुम. मधोमध एक ओंडका माझ्या कमरेवर आदळला आणि माझे पाय सुटले. क्षणभर मी पूर्ण पाण्याखाली होतो. रुस्तुमची चिकटलेली बोटं माझ्या मनगटात रुतली होती, ती सुटली नाहीत. त्या पकडीचे काळे व्रण पुढे आठवडाभर होते.

गावातल्या जीपने तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पोचलो. दोन खाटा शेजारी शेजारी होत्या. डॉक्टर तरुण होते, भराभर विचारत होते आणि लिहून घेत होते. कैलासच्या डोक्याची जखम पाहिली. मग त्याचा सुजलेला गाल, तुटलेले दात, काळ्यानिळ्या बरगड्या पाहून थबकले. हे पंज्याचं दिसत नाही, कशाने झालं, असं त्यांनी विचारलं.

कैलासने छताकडे पाहत सांगितलं, "अस्वलानंच."

शेजारच्या खाटेवर हालचाल झाली. रुस्तुमला बोलता येणं शक्य नव्हतं. त्याने उजवा हात वर केला, डॉक्टरांना दिसेल असा. मूठ वळली. कैलासच्या गालाकडे दाखवली, मग तीच मूठ स्वतःच्या छातीवर ठेवली. डॉक्टरांना वाटलं, त्याला छातीत दुखतंय; ते त्याला झोपवू लागले. त्याने मान हलवली आणि पुन्हा तेच केलं. मूठ, कैलासचा गाल, स्वतःची छाती. गफूरभाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला सगळं कळत होतं, मी बोललो नाही. डॉक्टर माझ्याकडे पाहत होते. कैलास पुन्हा म्हणाला, या वेळी जरा मोठ्याने, "सांगितलं ना साहेब, अस्वलाचं हाय सगळं. लिहा."

तेच लिहिलं गेलं.

रुस्तुमला पुढे मोठ्या दवाखान्यात हलवलं. तीन शस्त्रक्रिया झाल्या. डोळा गेलाच, जबड्यात धातूची पट्टी घातली. तो तिथे असताना कैलास एकदा माझ्याबरोबर आला. अर्धा तास खाटेशेजारी स्टुलावर बसला. दोघांत एक शब्द झाला नाही. बाहेर पडल्यावर मी म्हणालो, की आता विसरून जा, शेवटी जीव त्यानेच वाचवला. कैलास थांबला.

"जीव वाचवला म्हणून मार विसरायचा? आन मारलं म्हणून वाचवलेलं विसरायचं? मी दोन्ही ध्यानात ठेवनार."

तो पुन्हा दवाखान्यात गेला नाही. पण रुस्तुमच्या थोरल्या लेकीच्या लग्नात मांडवाचं सगळं वायरिंग आणि पाण्याची टाकी त्याने स्वतः उभं राहून करून घेतली, आणि अक्षता पडायच्या आधी निघून गेला.

एका डोळ्याच्या माणसाला सळईसमोर उभं करता येत नाही. कारखान्याने त्याला गेटवर बसवलं. तिथे ट्रकवाले त्याच्याकडे बघत आणि नजर चुकवत. तीन महिन्यांत तो स्वतःच निघून गेला.

तो गाव सोडून जायच्या आधी मी केदारखेड्याला गेलो होतो. त्याचं बोलणं आता घोगरं, अर्धवट झालं होतं, पण सवयीने कळत होतं. इकडचं तिकडचं झाल्यावर मी विचारलं, की हातात कुऱ्हाड होती, मग अस्वलावर धारेचा घाव का घातला नाही. तो म्हणाला, "पाठीवर पिल्लू व्हतं तिच्या. लागलं असतं."

त्या पावसात, तेवढ्या वेळात त्याला पिल्लू दिसलं होतं. मी दहा पावलांवरून पाहत होतो, मला ती झाडीकडे वळेपर्यंत दिसलं नव्हतं. आणि मग मी विचारू नये ते विचारलं. मग कैलासला मारताना काय झालं होतं?

सुमनबाई चूल फुंकत होत्या, त्या थांबल्या. रुस्तुमने खूप वेळ माझ्याकडे पाहिलं. एका डोळ्याने पाहणं जास्त टोचतं. मला वाटलं, आता हात येणार, आणि मी हललोही नाही.

"तवा काय दिसतच न्हाई, वायरमन," तो म्हणाला. "मानूस दिसत न्हाई, तोंड दिसत न्हाई. समदं लाल. आस्वल आलं तवा बराबर दिसत व्हतं. पानी दिसत व्हतं, पिल्लू दिसत व्हतं, तू झाडामागं व्हतास ते बी दिसलं."

चहा पिऊन मी निघालो.

तो सासुरवाडीकडे, गोदाकाठच्या एका गावी गेला आणि मेहुण्याची मेंढरं वळू लागला, एवढं गफूरभाईंकडून कळलं. दोन वर्षं गाठ पडली नाही.

गेल्या श्रावणात मी बहिणीकडे घनसावंगीला गेलो होतो. परतताना जीपच्या थांब्यावर उभा होतो. रिमझिम चालू होती, लोक टपरीच्या पत्र्याखाली दाटीने उभे होते. पलीकडे रुस्तुम दिसला. चेहऱ्याला घट्ट गमजा, फक्त उजवा डोळा उघडा, हातात औषधाची पिशवी. जनावरांच्या दवाखान्यातून आला असावा. मी हाक मारणार, तेवढ्यात त्याच्या समोर उभ्या असलेल्या एका माणसाने मोबाईल वर केला. पांढराशुभ्र सदरा घातलेला, चाळिशीचा, बरा शिकलेला दिसत होता. वाऱ्याने गमजा सरकून रुस्तुमचा गाल अर्धा उघडा पडला होता आणि तो माणूस शेजारच्याला कोपराने खुणावत ते टिपत होता.

रुस्तुमने पिशवी खाली ठेवली. मी ओळखलं आणि गर्दीतून पुढे सरकू लागलो. आता त्या माणसाचे दात जाणार होते. मधे चार-पाच जण होते, मला पोचायला वेळ लागला असता.

रुस्तुम त्याच्या अगदी समोर जाऊन उभा राहिला. त्याचा हात वर गेला. त्याने गमजाची गाठ सोडली आणि तो चेहऱ्यावरून पूर्ण काढून खांद्यावर टाकला. पावसात तसाच उभा राहिला, बुजलेली खाच, ओढलेली कातडी, वाकडा जबडा, सगळं त्या माणसासमोर धरून.

"नीट घे," तो म्हणाला.

त्या माणसाचा मोबाईल खाली आला. त्याला कुठे बघावं कळेना. रुस्तुम हलला नाही. शेवटी त्या माणसाने मान खाली घातली, तेव्हा रुस्तुमने पिशवी उचलली. जीप सुटत होती. आत जागा नव्हती. मागच्या पायरीवर पाय ठेवून, एका हाताने वरची दांडी पकडून तो लटकला, आणि जीप गोदेकडच्या रस्त्याला लागली. तोंडावर पाऊस येत होता, तरी त्याने गमजा पुन्हा बांधला नाही.